शाळेतली प्रार्थना कोणाची? : आर्चबिशप जॉन ह्यूज



शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हावा, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. पण ती प्रार्थना कोणाची असावी? हा प्रश्न ज्यांनी धैर्याने विचारला, त्या न्यूयॉर्कच्या पहिल्या आर्चबिशपांची आज ओळख करून घेऊ या.

जॉन ह्यूज यांचा जन्म २४ जून १७९७ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. इंग्रजी राजवटीत तेथील कॅथलिकांवर अनेक निर्बंध होते. त्यांची बहीण वारली तेव्हा धर्मगुरूंना दफनभूमीत पाऊल टाकता आले नाही. त्यांनी फाटकाबाहेर उभे राहून मूठभर माती आशीर्वादित केली व तीच कबरेवर टाकण्यात आली. हे दुःख ह्यूज कधीच विसरले नाहीत.

१८१७ साली ते अमेरिकेला गेले. एमिट्सबर्ग येथील सेमिनरीत प्रवेश मिळेना, म्हणून ते तेथेच माळीकाम करू लागले. पुढे संत झालेल्या एलिझाबेथ सीटन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि १८२० मध्ये सेमिनरीचे दार उघडले. १८२६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८३८ मध्ये ते न्यूयॉर्कचे सहकारी बिशप झाले.

त्या शहरात सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा पब्लिक स्कूल सोसायटी या खाजगी संस्थेच्या हाती होत्या. आपण कोणत्याही पंथाचे नाही, असे ती म्हणे. परंतु वर्गात वाचले जाई ते प्रोटेस्टंटांचे किंग जेम्स बायबल, आणि काही पाठ्यपुस्तकांत कॅथलिकांची निंदा असे. गरीब आयरिश आईबापांपुढे पेच होता : मुलांना शिकवावे की त्यांची श्रद्धा जपावी? कित्येक मुले शाळेबाहेरच राहिली.

कर आम्हीही भरतो, मग आमच्या शाळांनाही वाटा द्या, अशी ह्यूज यांची मागणी होती. ऑक्टोबर १८४० मध्ये नगरपालिकेपुढे दोन दिवस सुनावणी झाली. नामांकित वकील आणि निरनिराळ्या पंथांचे पाळक एका बाजूला, तर ह्यूज दुसऱ्या बाजूला. आक्षेपार्ह मजकूर खोडण्याची तयारी सोसायटीने दाखवली, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. जानेवारी १८४१ मध्ये मागणी फेटाळली गेली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ह्यूज यांनी उघडपणे उमेदवारांची यादी पुढे केली, त्याबद्दल त्यांच्यावर कडक टीकाही झाली.

एप्रिल १८४२ मध्ये कायदा बदलला. निवडून आलेल्या मंडळाच्या शाळा सुरू झाल्या, पण कोणत्याही पंथाची शिकवण देणाऱ्या शाळेला पैसा मिळणार नाही असेही ठरले. त्याच महिन्यात जमावाने बिशपांच्या निवासस्थानावर दगडफेक केली. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात बायबलवाचनाच्या वादातून दंगली पेटल्या व दोन कॅथलिक चर्च जाळण्यात आली. तेव्हा ह्यूज यांनी न्यूयॉर्कच्या चर्चभोवती पहारे बसवले.

त्यानंतर त्यांनी सारी शक्ती स्वतःच्या शाळा उभारण्यात लावली. धर्मग्रामांतील गरिबांच्या पैशांतून त्या उभ्या राहिल्या. त्यांनी १८४१ मध्ये स्थापन केलेले कॉलेज आज फोर्डम विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. ३ जानेवारी १८६४ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले.

कथा येथे संपत नाही. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळांची ठरवून दिलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. या निकालाला विरोध करणाऱ्यांत ह्यूज यांच्याच गादीवर बसलेले कार्डिनल स्पेलमन होते. धर्मच नसलेली शाळा ह्यूज यांनाही नको होती, हे खरे. पण आता कॅथलिक त्या देशात रुळले होते, आणि प्रार्थनेमुळे अवघडलेली मुले दुसऱ्यांची होती.

हे आपल्यालाही लागू पडते. आपल्या संविधानाच्या ३०व्या कलमाने आपल्याला स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. २८वे कलम सांगते, की मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीविना धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येणार नाही. ख्रिस्तसभेच्या शाळांत इतर धर्मांची कितीतरी मुले विश्वासाने येतात. ह्यूज यांनी आपल्या मुलांसाठी जे मागितले, ते या मुलांना आपण देतो का? आपल्या शाळेची घंटा ऐकताना आपण हे एकदा स्वतःला विचारू या, आणि त्या मुलांसाठीही प्रार्थना करू या.