देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या रायगडच्या किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की मुंबई ओलांडून डहाणू लागते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म तेथे 17 जानेवारी 1905 रोजी झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांच्या ज्योतिषाच्या आकडेमोडीतून मुलाला अंकांचे वेड लागले. फर्ग्युसन कॉलेजात शिकून कापरेकर 1929 साली बी.एस्सी. झाले आणि पुढच्याच वर्षी देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले. 1962 पर्यंत ते तेथेच होते. पुढची मोठी पदवी नव्हती, त्यामुळे विद्वानांच्या सभेत त्यांना फारसे कोणी विचारीत नसे. तरी मास्तर परिषदांना जात आणि पदरमोड करून पुस्तिका छापत.

6174 हा त्यांचा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो. आम्हाला मात्र त्यांच्या 1963 च्या पुस्तिकेतील संख्या जास्त आवडतात. कोणतीही संख्या घ्या व तिच्यात तिचेच अंक मिळवा. 21 मध्ये 2 आणि 1 मिळवले की 24 येतात, म्हणून 21 ही 24 ची जनक. पण 20 ला, 31 ला किंवा 97 ला जनकच सापडत नाही. अशा संख्यांना आपण स्वयंभू म्हणू. देवळाली संख्या असेही त्यांचे एक नाव आहे. घरी मुलांबरोबर पाटीवर करून पाहा, मजा येते. यातल्या 31 आणि 97 मूळ संख्याही आहेत, म्हणजे 1 व स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही त्यांना पूर्ण भाग जात नाही.

1966 मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून या वयात मास्तरांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. 1986 साली ते गेले.

2 चा 2,40,36,583 वा घात करून 1 वजा केला की 72,35,733 अंकी मूळ संख्या मिळते. ती 2004 मध्ये सापडली. या जातीच्या मूळ संख्यांना मारँ मर्सेन (1588–1648) यांचे नाव आहे. हे मिनिम संघातले फ्रेंच कॅथलिक संन्यासी. एवढ्या मोठ्या संख्येला जनक असलाच, तर तो तिच्या मागे फार तर साडेसहा कोटींच्या अंतरात असणार, कारण प्रत्येक अंक जास्तीत जास्त 9. तेवढाच पट्टा तपासायचा. ल्यूक पेबडी या गणितज्ञाने 2006 साली दाखवून दिले, की तिला जनक नाही. देवळालीच्या मास्तरांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.