डॉ. रखमाबाई आणि पडद्याआडची हाडे

डॉ. रखमाबाई म्हटले की आपल्याला खटला आठवतो. अकराव्या वर्षी लग्न, मोठे झाल्यावर नांदायला जाण्यास नकार, नवऱ्याची फिर्याद, आणि १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. मात्र त्यानंतर या बाईंनी तीस-पस्तीस वर्षे बायकांचे दवाखाने चालवले, हे फारसे कुणी सांगत नाही. मला तेच जास्त मोलाचे वाटते.

ऊन न मिळणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी का, हा प्रश्न हल्ली बाह्यरुग्ण विभागात नेहमीचा झाला आहे. त्याचे उत्तर जगाला सापडत गेले, तो काळ रखमाबाईंच्या शिक्षणाचा आणि नोकरीचाच होता.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ते डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत जे दोन भारतीय होते, त्यांतले ते एक. मुलीला शिकू देणारा सावत्र बाप त्या काळी मिळणे ही केवढी गोष्ट! खटला संपल्यावर कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिले, वर्गणी जमली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या.

लंडन तेव्हा कोळशाच्या धुराने काळवंडलेले होते आणि पाय वाकलेली, मुडदूस झालेली मुले तिथे घरोघरी होती. युरोपात या दुखण्याला इंग्रजांचा आजार म्हणत. रखमाबाई शिकत असतानाच, १८९० मध्ये, जपानमध्ये काम करून परतलेल्या थिओबाल्ड पाम या डॉक्टरने देशोदेशीची माहिती जमवून सांगितले की जिथे ऊन भरपूर, तिथे मुडदूस जवळपास नाही. त्याच्याकडे तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१८९४ मध्ये पदवी घेऊन रखमाबाई परतल्या. थोडे दिवस कामा रुग्णालयात काढून १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. तिथे वीस वर्षांहून अधिक काळ आणि नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात निवृत्तीपर्यंत, असा हा सारा जन्म पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या बायकांच्या सेवेत गेला. ज्याच्याकडे नांदायला त्या कधी गेल्या नाहीत, तो दादाजी १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. याचा अर्थ आजही मला नीट लागत नाही.

त्या राजकोटला असताना शास्त्राची गाठ सुटली. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने मुलांना दिव्याचे अतिनील किरण देऊन मुडदूस बरा केला. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलमने माशाच्या यकृताच्या तेलातल्या गुणकारी घटकाला ड जीवनसत्त्व हे नाव दिले. त्याच वर्षी आपल्या नाशिकचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हचिसन आणि शहा या डॉक्टरांचा. मुडदूस आणि मोठ्या बायकांची हाडे मऊ पडणे हे दुखणे त्यांना खाऊन-पिऊन सुखी, पण गोषा पाळणाऱ्या घरांत आढळले. गरिबांचा आहार निकृष्ट होता, तरी उन्हात कामाला जाणाऱ्या त्या बायका आणि सोबत उन्हात वाढणारी त्यांची मुले यांच्यात ते जवळपास नव्हते.

हाडे मऊ पडली की ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा दबतो आणि बाळाला वाट उरत नाही. तेव्हा अशा अडलेल्या बाळंतपणात बाई जात असे, किंवा बाळ, किंवा दोघेही. दाराबाहेर ऊन रणरणत असताना हे घडत होते.

रखमाबाईंनी १९२९ मध्ये पडदा बंद झाला पाहिजे, असे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तरुण विधवांना समाजाच्या कामात येऊ दिले जात नाही, हे त्यांचे दुखणे होते. हाडांचा पुरावा तोवर नाशिकहून आलेलाच होता. पुढे मुंबईत राहून, वयाची नव्वदी पार करून, २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या.

वाशिम जिल्ह्यात उन्हाची टंचाई नाही. सोयाबीन-तुरीच्या शेतात राबणाऱ्या निरोगी माणसाला सहसा गोळीची गरज नसते. पण ऊन गावावर पडून भागत नाही, ते कातडीवर पडावे लागते. वर्षभर खाटेवर असलेली आजी, दिवसभर दुकानात किंवा कचेरीत बसणारे, डोक्यापासून पायापर्यंत झाकून बाहेर पडणाऱ्या बाया, स्टोल आणि हातमोजे घालून स्कूटीवर जाणाऱ्या मुली, यांच्यापर्यंत ते फारसे पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन तर बिनकामाचे, कारण लागणारे किरण काच अडवते. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. आहारातून भरपाई होईल म्हणावे, तर अंड्याचा बलक आणि काही मासे सोडले तर ताटात हे जीवनसत्त्व नाहीच.

अशांनी गोळी घ्यावी, हे माझे स्पष्ट मत. ऊन कमी मिळते असे धरून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांची रोजची गरज ६०० एकक धरली आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून घ्यावे. बाकीच्यांनी ताकदीसाठी म्हणून घेण्यात अर्थ नाही: अमेरिकेत २५,००० हून अधिक लोकांना काही वर्षे रोज २,००० एकक किंवा खोटी गोळी देऊन पाहिली, तर कमतरता नसलेल्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. मात्र मांड्या-कंबर ठणकत असेल, बसल्यावर उठता येत नसेल, चाल बदकासारखी झाली असेल, तर तो आजार आहे. त्याची तपासणी आणि उपचार वेगळे.

त्या उपचारात ६०,००० एककांची पुडी देतात, ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच. रोज एक पुडी महिनोन्महिने घेणारी माणसे मी पाहिली आहेत. रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूतखडा आणि मूत्रपिंडाला इजा होते. घरात अशा पुड्या असतील तर चिठ्ठी काढून किती दिवसांनी लिहिली आहे ते आजच पाहून घ्या.