जॉन पोस्टेल: इंटरनेटचा सातबारा सांभाळणारा माणूस

फोनवर वेबसाइटचं नाव टाइप केलं की त्यामागचा आकडी पत्ता शोधून देण्याचं काम डीएनएस करतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण डॉट कॉम असावं की नसावं, डॉट इन कुणी सांभाळायचं, हे ठरवतं कोण? मला या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडलं. जवळपास तीस वर्षं ही नोंदवही मुख्यतः त्याच्याच हातात होती. गावात तलाठी जमिनीचा मालक नसतो, पण सातबारा त्याच्याकडे असतो. तसंच काहीसं.

जॉन पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होता. तिथले विद्यार्थी तांत्रिक कल्पना लिहून एकमेकांना वाटायचे. त्या कागदांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे आरएफसी. नावातच बघा, हुकूम नाही, तुमचं मत सांगा अशी विनंती आहे. पोस्टेल या कागदांचा संपादक झाला आणि मरेपर्यंत राहिला. कुठला आकडा कशासाठी राखून ठेवलाय याच्या नोंदीही तोच ठेवायचा. लांब दाढी, पायात सँडल, बोलणं कमी. पुढे याच कामाला ‘आयाना’ असं भारदस्त नाव मिळालं, पण आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्याचे मोजके सहकारी, एवढंच.

१९८३ मध्ये त्याच्याच संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिसने डीएनएस तयार केलं. पुढच्या वर्षी पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट एज्यु वगैरे नावं कागदावर मांडली. देशांच्या नावांचा प्रश्न मात्र नाजूक होता. कोणता प्रदेश देश मानायचा, या भांडणात कोण पडणार? त्याने आयएसओची तयार यादी उचलली आणि तो वाद अंगावर घेतलाच नाही. मला ही त्याची सगळ्यात शहाणी खेळी वाटते. डॉट इन १९८९ मध्ये सुरू झालं आणि ते मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे सोपवलं गेलं. १९९४च्या एका आरएफसीत त्याने नियमही लिहून ठेवला: देशाचं डोमेन सांभाळणारा हा मालक नसून विश्वस्त आहे, आणि त्याने तिथल्या लोकांच्या हितासाठी काम करायचं.

मग पैसा आला. १९९५च्या सप्टेंबरपासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी डॉट कॉमसाठी वर्षाला ५० डॉलर घेऊ लागली, आणि दुसरा पर्याय कुणाकडे नव्हता. पोस्टेलने डॉट कॉमसारखी आणखी १५० पर्यंत नावं आणण्याचा प्रस्ताव मांडला, पण कंपन्या, ट्रेडमार्कवाले आणि अमेरिकन सरकार यांच्या ओढाताणीत तो अडकला.

२८ जानेवारी १९९८ला त्याने जे केलं ते आजही वाचताना धडकी भरते. डीएनएसच्या मुळाशी १३ रूट सर्व्हर आहेत. मूळ यादी तेव्हा नेटवर्क सोल्युशन्सच्या सर्व्हरवर असायची आणि बाकीचे १२ तिची नक्कल घ्यायचे. पोस्टेलने त्यातल्या आठ जणांना ईमेल केला: यापुढे यादी माझ्या मशीनवरून घ्या. आणि त्यांनी घेतली! त्याच्या हातात ना कायदा होता ना पोलीस, होता फक्त शब्द. वापरणाऱ्यांना काही कळलंही नाही, कारण यादी तीच होती. व्हाइट हाउस मात्र हादरलं. त्याने ही चाचणी होती असं सांगून काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं.

मला त्याचं कौतुक वाटतं आणि भीतीही. माणूस सज्जन होता म्हणून निभावलं. पण एका ईमेलवर इंटरनेटचं मूळ हलत असेल, तर पुढचा माणूस तसाच असेल याची खात्री कोण देणार?

दोनच दिवसांनी अमेरिकन सरकारने नव्या व्यवस्थेचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यावर ६५० हून जास्त मतं आली. ३० सप्टेंबर १९९८ला आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. तिच्या उभारणीत पोस्टेल गळ्यापर्यंत बुडाला होता. १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत तो गेला. वय फक्त ५५.

२००० मध्ये आयकॅनने एक धाडस केलं. संचालक मंडळावरचे पाच जण जगभरच्या सामान्य नेटकऱ्यांनी ऑनलाइन मतदानाने निवडले. सुमारे ३४ हजार मतं पडली. नंतर ही पद्धत गुंडाळली गेली, आणि ते मला अजूनही खटकतं. सूचना मागवण्याची पद्धत मात्र टिकली. प्रस्ताव खुला असतो तेव्हा कुणीही मत पाठवू शकतं, फी लागत नाही.

२०१८ मध्ये देवनागरी डोमेनच्या शेवटच्या भागात, म्हणजे डॉट भारतमधल्या ‘भारत’सारख्या शब्दांत, कोणती अक्षरं चालतील याचे नियम असेच मतांसाठी मांडले गेले. हिंदीला न लागणारा, पण आपल्या ‘दऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’मध्ये हवाच असलेला तो वेगळ्या वळणाचा अर्धा र त्यात विचारात घेतलेला आहे.