न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

साताऱ्यानजीक कृष्णा-वेण्णा संगमावरील श्रीक्षेत्र माहुली हे पेशवाईतील थोर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे जन्मस्थान होय. संगमस्नानास येणाऱ्या भाविकांनी या पुण्यपुरुषाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

बालपणी त्यांचे शिक्षण झाले नव्हते. साताऱ्यातील एका सावकाराकडे चाकरी करीत असता अपमान झाला, तो जिव्हारी लागून त्यांनी काशीची वाट धरली, असे सांगतात. तेथे अनेक वर्षे शास्त्राध्ययन करून ते पुण्यास आले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी रुजू झाले व १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव पेशवे जपतपात फार काळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांना स्पष्ट बजावले, की राज्यपद स्वीकारणाऱ्याचा धर्म प्रजापालन हाच आहे. जपच करावयाचा असेल तर मसनद सोडून गंगातीरी जावे. पेशव्यांनी हा उपदेश मानला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर आलेले त्यांचे चुलते रघुनाथराव हेच दोषी असल्याचे शास्त्रीबुवांना चौकशीअंती आढळले. ज्याच्या हाती सर्व सत्ता, त्याच्याच तोंडावर त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि अधिकारपदावर पाणी सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंच्या कारभारात ते सन्मानाने परतले व १७८९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी न्यायदान केले.

श्रावणमासी दक्षिणावाटपाचे कामही त्यांच्याकडे असे. एकदा त्यांचे बंधू दक्षिणेसाठी आले असता नाना फडणीसांनी त्यांना अधिक रक्कम देण्याचे सुचविले. परंतु बंधूंची विद्वत्ता सामान्य असल्याने सरकारी निधीतून त्यांना इतरांइतकेच मिळेल, अधिक द्यावयाचे ते आपण स्वतःच्या पदरचे देऊ, असे शास्त्रीबुवांनी कळविल्याची कथा प्रसिद्ध आहे. स्वतःच्या घरी मात्र ते एका दिवसापुरतेच धान्य ठेवीत.

धर्मशास्त्राचा आधार घेऊन सत्तेची मर्जी सांभाळणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्याच शास्त्राने सत्ताधीशाला बांधले, आणि ते बंधन प्रथम स्वतःच्या घराला लावले. संगमावर हात जोडताना या निःस्पृह न्यायाधीशाचेही स्मरण व्हावे.