गोविंदभाईंचा बॅकलॉग

बॅकलॉग या शब्दाचा अर्थ आपल्या होस्टेलमध्ये कोणाला सांगावा लागत नाही. माझा स्वतःचा एम-थ्री दोनदा राहिलाय. पण अख्ख्या प्रदेशाचाही बॅकलॉग असतो आणि त्याला मराठीत अनुशेष म्हणतात, हे मला गेल्या दिवाळीत गंगापूरला काकांकडून कळलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम म्हणजे मी तो शब्द आधी ‘अवशेष’ असा ऐकला. काका खूप हसले.

विषय मात्र हसण्याचा नव्हता. २०२४ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात अति-उजवा एएफडी पक्ष पहिला आला, त्यावरून आमच्या मेसमध्ये वाद झाला होता. मागास भागातले अडाणी लोकच अशा पक्षांमागे जातात, असं एकाने ठणकावून सांगितलं. मला ते लागलं, कारण माझे काका १९८८ मध्ये शिवसेनेच्या शाखेत गेले होते. काका अडाणी नाहीत, फिटरचा आयटीआय झालेले आहेत. म्हणून मी त्यांनाच विचारलं, तुम्ही का गेलात? उत्तरादाखल त्यांनी एका माणसाचं आयुष्य सांगितलं, ज्याचं त्यांनी तेव्हा ऐकलं नव्हतं. तो माणूस म्हणजे गोविंदभाई श्रॉफ.

गोविंदभाई १९११ साली विजापूरला जन्मले. आपल्यासारखाच आकड्यांचा माणूस! कोलकात्याला जाऊन गणितात एम.एस्सी. केलं, औरंगाबादला शिक्षक झाले आणि ती नोकरी सोडून निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. स्वामी रामानंद तीर्थांचे ते जवळचे सहकारी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर अनेकांनी सत्तेची वाट धरली, गोविंदभाईंनी मंत्रिपद कधी घेतलं नाही. सरस्वती भुवन संस्थेत शिक्षणाचं काम करत राहिले.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोही कुठली अट न घालता. १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचं आश्वासन होतंच. पण वाटा काही मिळेना. १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, मराठवाडा विकास आंदोलन पेटलं आणि साठी ओलांडलेले गोविंदभाई त्याचे नेते झाले. सिंचन, रस्ते, नोकऱ्या, रेल्वे अशा मागण्या होत्या. लासूर स्टेशनवरून जाणारी मनमाडची लाईन मीटरगेज होती, ती ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीने हिशोब मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. म्हणजे गोविंदभाईंचं गणित बरोबर होतं. वैधानिक विकास मंडळ मात्र १९९४ मध्ये आलं आणि त्याचीही मुदत २०२० मध्ये संपली.

आता काकांची गोष्ट. १९८५ नंतर आमच्याच तालुक्यात, वाळूजला कारखाने उभे राहत होते. काका सर्टिफिकेट घेऊन गेटवर जायचे आणि परत यायचे. ते म्हणतात, नुसती गरिबी सहन होते, पण डोळ्यांदेखत भरलेलं ताट दुसऱ्याकडे जाताना बघवत नाही. अशा वेळी शाखेचा बोर्ड लागला. तिथे त्यांना नावाने हाक मारली गेली, काम दिलं गेलं, कोणी अडवलं तर दहा पोरं सोबत यायची. अनुशेषाचा तक्ता संध्याकाळी रिकाम्या बसलेल्या पोराला काय देणार? शिवाय तक्त्यातला दोषी म्हणजे मुंबईचं कुठलं तरी खातं. शाखेत दोषी समोरच्या गल्लीत राहायचा. रझाकारांची आठवण घराघरात होतीच, ती त्या गल्लीला चिकटवायला वेळ लागला नाही. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ६० पैकी २७ जागा जिंकल्या. त्याच मे महिन्यात शहरात दंगल होऊन माणसं मेली. तेव्हा आमच्या घरी ओळखीचे एक मुसलमान टेलर यायचे, ते यायचे बंद झाले. हे सांगताना काका खाली बघत होते.

गोविंदभाईंची चूक काहीच नव्हती का? माझ्या मते होती. विद्यापीठाच्या नामांतराला त्यांनी विरोध केला. १९७८ मध्ये त्या प्रश्नावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि विकासासाठी एकत्र आलेला मराठवाडा जातीवर फुटला. एवढा मोठा माणूस, पण ज्यांचा अनुशेष हजारो वर्षांचा होता त्यांच्यासोबत तो इथे उभा राहिला नाही. फुटलेल्या समाजात मग धर्माच्या नावाने एक करणाऱ्यांना जागा सापडली. नुसत्या मागासपणाने हे होत नाही. दांडेकर समितीत विदर्भाचा अनुशेष आपल्यापेक्षा जास्त होता, तरी तिथे १९८८ चं औरंगाबाद घडलं नाही.

१९९२ मध्ये गोविंदभाईंना पद्मविभूषण मिळालं, नोव्हेंबर २००२ मध्ये ते गेले. काकांना शेवटी कंत्राटी नोकरी मिळाली. शाखा त्यांनी कधीच सोडली, पण तिथल्या दिवसांना ते शिव्या देत नाहीत, आणि मीही देणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मेसमध्ये कोणाला अडाणी म्हणण्याआधी त्याचा बॅकलॉग विचारा. आणि तो भरून निघेपर्यंत त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, हेही विचारा. मी सध्या एम-थ्रीचा फॉर्म भरतोय. रूममेट सोबत बसतो म्हणालाय.