हेन्री : एककामागचा माणूस

व्होल्टा, अँपिअर, ओहम, फॅराडे ही मंडळी आपल्याला फर्स्ट इयरपासून छळत आली आहेत. त्यांच्यातला जोसेफ हेन्री मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. इंडक्टन्सचं एकक हेन्री, एवढं लिहून मार्क घेतले की विषय संपला! माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती गिटारच्या पेडल्समुळे.

आमचा डोंबिवलीचा छोटा बँड आहे. पाच इफेक्ट पेडल्स, प्रत्येकात वेगळी बॅटरी, आणि ऐन दिवाळी पहाटेला फडके रोडवर एक तरी बॅटरी मान टाकणारच. म्हणून सगळी पेडल्स एकाच 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवायची असं ठरलं. चार पेडल्स 9 व्होल्टची, ती सरळ पॅरललमध्ये. पाचव्या प्रीअँपला 18 व्होल्ट लागतात, त्यासाठी बूस्ट कन्व्हर्टर. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवरून एमसी 34063 आयसी आणि 220 मायक्रोहेन्रीची कॉइल आणली. पण 9 चे 18 होतात तरी कसे? ते समजण्यासाठी हेन्रीकडे जावं लागतं.

हेन्रीचा जन्म 17 डिसेंबर 1797 रोजी अमेरिकेतल्या आल्बनी गावी, गरीब स्कॉटिश कुटुंबात झाला. लहानपणी तो गॉलवे या खेड्यात आजीकडे राहायचा. तिथे एकदा पळालेल्या सशामागे तो चर्चच्या जमिनीखालून आत शिरला आणि थेट पुस्तकांच्या खोलीत निघाला, असं सांगतात. पुढे घड्याळजीकडे उमेदवारी केली. नाटकाचंही भलतंच वेड होतं. सोळाव्या वर्षी विज्ञानाचं एक साधं पुस्तक हाती पडलं आणि नाटक सुटलं. (आपल्याकडे बरोबर उलटं होतं. इंजिनिअरिंगला येऊन लोक नाटकात शिरतात.)

1826 साली तो आल्बनी अकॅडमीत शिक्षक झाला. दिवसभर मुलांना गणित शिकवायचं आणि प्रयोग सुट्टीत करायचे. स्टर्जन या इंग्रज माणसाने 1825 मध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट केला होता, पण त्याची तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांपासून लांब ठेवावे लागत. हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळलं आणि थरावर थर घट्ट वेढे दिले. 1831 मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्याच्या मॅग्नेटने 900 किलोहून जास्त वजन उचललं.

याच कामात त्याला एक वेगळीच गोष्ट दिसली. लांब तार बॅटरीला जोडून सर्किट तोडलं की जोरात ठिणगी पडते, आणि तीच तार गुंडाळून कॉइल केली की ठिणगी आणखी मोठी होते. हॉस्टेलच्या फॅनचं बटण बंद करताना अंधारात जी चमक दिसते ती याच जातीची. कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. वाट तुटली तर तो स्वतःच व्होल्टेज वाढवून पुढे जायला बघतो. आमच्या कन्व्हर्टरमध्ये आयसी सेकंदाला हजारो वेळा हेच करतो. स्विच चालू असताना कॉइल भरते, बंद झाला की कॉइलचं व्होल्टेज 9 वर चढतं आणि डायोडमधून कपॅसिटरमध्ये 18 व्होल्ट साठतात. मात्र फुकट काहीच नाही! 18 व्होल्टला 50 मिलीअँपिअर हवे असतील तर अडॅप्टरमधून 100 हून जास्तच जातात. स्विचिंग 20 किलोहर्ट्झच्या वर ठेवावं, नाहीतर शिट्टी थेट अँपमधून ऐकू येते. आणि पॉझिटिव्ह ग्राउंडचं जुनं जर्मेनियम फझ पेडल या सप्लायला जोडू नका, सप्लाय शॉर्ट होईल.

असो. हेन्रीचं दुर्दैव असं की त्याला छापायची घाई नव्हती, आणि शाळेमुळे वेळही नव्हता. 1831 मध्ये लंडनला फॅराडेने म्युच्युअल इंडक्शन जाहीर केलं. हेन्रीचेही प्रयोग त्याच दिशेने चालू होते, पण त्याचा लेख आला जुलै 1832 मध्ये. त्या लेखाच्या शेवटी त्याने ही ठिणगी नोंदवली, म्हणून निदान सेल्फ इंडक्शन तरी त्याच्या नावावर राहिलं. फॅराडे तिथे 1834 मध्ये पोहोचला. फॅराडेवर राग काढण्यात अर्थ नाही, त्याने स्वतंत्रपणेच काम केलं होतं. पण आठवड्याचे सगळे तास शिकवण्यात घालवणाऱ्या माणसाची हळहळ वाटतेच. (आमच्या सरांनी हे वाचावं!)

1832 मध्ये तो प्रिन्स्टनला गेला. 1838 मध्ये त्याने एका कॉइलवरून दुसरीत व्होल्टेज वाढवून करंट कमी करता येतो, आणि उलटही करता येतं, हे दाखवलं. लांबच्या कमजोर करंटने जवळचं जोरदार सर्किट चालवायची रिलेची युक्तीही त्याचीच. पेटंट त्याने घेतलं नाही. टेलिग्राफचं नाव आणि पैसा मोर्सकडे गेला, आणि पुढे कोर्टात साक्ष दिल्यामुळे मोर्सचा राग तेवढा हेन्रीच्या वाट्याला आला.

1846 पासून शेवटपर्यंत तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सेक्रेटरी होता. टेलिग्राफवरून गावोगावचं हवामान गोळा करायची पद्धत त्याने तिथे बसवली. 1865 च्या आगीत त्याचा बराचसा पत्रव्यवहार जळला. 1875 मध्ये ग्रॅहॅम बेल नावाचा तरुण आला आणि आपल्याला विजेचं पुरेसं ज्ञान नाही अशी कुरकुर करू लागला. ते मिळव, एवढंच हेन्रीने त्याला सांगितलं. पुढच्या वर्षी टेलिफोन बोलला.

13 मे 1878 रोजी हेन्री गेला. 1893 मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेने त्याचं नाव इंडक्टन्सच्या एककाला दिलं. कपॅसिटन्सच्या एककाला फॅराडेचं नाव त्याआधीच मिळालं होतं.