परसबागेतील प्रयोगशील अध्यक्ष

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि त्या देशाचे तिसरे अध्यक्ष म्हणून थॉमस जेफरसन सर्वपरिचित आहेत. मात्र, राजकारणाइतकीच निष्ठा त्यांनी घरच्या भाजीच्या बागेवर ठेवली, हे फारसे ज्ञात नाही.

जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. १७६६ मध्ये त्यांनी बागेची नोंदवही सुरू केली व ती १८२४ पर्यंत चालवली. बी कधी पेरले, उगवले केव्हा, भाजी ताटात कधी आली, याच्या नोंदी तीत आढळतात. फसलेले वाणही त्यांनी प्रांजळपणे टिपून ठेवले.

१८०९ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर ते माँटिचेलो येथील डोंगरावरच्या घरी परतले. तेथे दक्षिणेकडील उतार कोरून सुमारे एक हजार फूट लांबीची सपाट पट्टी तयार करण्यात आली होती. उन्हाची ऊब मिळत असल्याने तेथे भाज्यांचा हंगाम लांबत असे. या बागेत त्यांनी भाज्या व औषधी वनस्पतींचे तीनशेहून अधिक वाण लावून पाहिले. त्यांत वाटाणा त्यांचा विशेष आवडता. टोमॅटो, वांगी, भेंडी यांनाही बागेत स्थान होते. लेट्यूसचे अंगुस्तानभर बी दर सोमवारी पेरावे, असा त्यांचा शिरस्ता होता. ऑलिव्हच्या तेलाला पर्याय मिळेल, या आशेने त्यांनी तीळही लावले. अनेक वाण लावायचे आणि त्यांतील उत्तम तेवढे ठेवून बाकीचे सोडून द्यायचे, ही त्यांची पद्धत होती.

या हौसेला एक काळी बाजू आहे. सर्व माणसे समान असल्याची घोषणा करणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. डोंगर फोडण्यापासून वाफे खुरपण्यापर्यंतची मेहनत प्रामुख्याने त्यांचीच. हे गुलाम स्वतःच्या झोपड्यांभोवतीही भाज्या पिकवीत. त्यांच्याकडून काकडी, कोबी विकत घेतल्याच्या नोंदी जेफरसन यांच्या नातीने ठेवलेल्या हिशेबात आहेत. एवढी मोठी बाग असूनही घराची गरज अशा प्रकारे भागवावी लागे.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी जेफरसन यांचे निधन झाले. मागे राहिले ते डोंगराएवढे कर्ज. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोवर लिलाव झाला आणि सामानसुमानासोबत माणसेही विकली गेली. बागेत राबणाऱ्या वर्मली ह्यूज यांनी जेफरसन यांची कबर खोदली होती. त्यांना मोकळीक मिळाली, पण त्यांची पत्नी व मुले लिलावात विकली गेली.

पुढे बाग उजाड झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खनन आणि जेफरसन यांच्या नोंदी यांच्या आधारे ती पुन्हा उभी करण्यात आली. माँटिचेलोला १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ज्या हातांनी ती बाग पिकवली, त्यांचाही इतिहास आता तेथे सांगितला जातो.